भाऊसाहेबांनी नापास केलेली घरं

भाऊसाहेबांना बरोबर घेऊन घर बघायला गेलेल्या माणसानं ते घर घेतलं, असं आमच्या शाळेत एकदाही घडलेलं नाही. तरी लोक त्यांना बरोबर न्यायचे. न्यायचे कसले, तेच यायचे. स्टाफरूममध्ये कुणी हळू आवाजात नुसतं 'एक फ्लॅट बघितलाय' म्हणालं, की पलीकडच्या ऑफिसातल्या कपाटाआडून प्रश्न यायचा, "कितव्या मजल्यावर?" आणि मग संपलंच. रविवारी सकाळी आठ वाजता भाऊसाहेब तुमच्या दारात हजर.

ते आमच्या मुलींच्या शाळेचे हेडक्लार्क. शाळेतल्या क्लार्कला भाऊसाहेब म्हणायची पद्धतच आहे, आणि हे तर तीस वर्षं त्याच खुर्चीवर. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर दिसलं की दुसऱ्याच कुणाचं तरी वाटायचं. मूळचे अक्कलकोटच्या बाजूचे. घरात कानडी, ऑफिसात मराठी, आणि साहेब लोकांना लिहायच्या पत्रात असलं मराठी की आम्हा शिक्षकांनाच दोनदा वाचावं लागे. अंगानं काटकुळे, पांढरा बुशशर्ट, कपाळावर विभूतीचे पट्टे. कामात चोख. माझी रजा, माझी वेतनवाढ, कुठलाही कागद त्यांच्याकडून कधी अडला नाही. अडलं ते फक्त माझं घर.

घर बघायला जाताना त्यांच्या खांद्याला एक कापडी पिशवी असे. तिच्यात एक काचेची गोटी, एक बॅटरी आणि एक पंचा. घरात पाऊल टाकलं की ते आधी गोटी काढून फरशीच्या मधोमध ठेवायचे आणि आम्हा सगळ्यांना गप्प उभं करायचे. गोटी कुठल्याही बाजूला हलली की "हूं" म्हणायचे. मग बॅटरी घेऊन मोरीच्या खाली, ओट्याच्या खाली, जिन्याच्या खाली. मग शेजाऱ्यांची दारं वाजवून चौकशी. "पाणी किती दिवसांआड येतंय? किती वाजता? भांडणं हुत्यात का? कशावरनं?" लोकही गंमत म्हणून सांगायचे. एकदा तर तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी आपल्या जावेबद्दल अर्धा तास सांगितलं आणि घर बघायचं बाजूलाच राहिलं.

शेवटी पंचा. तो फरशीवर अंथरून ते चक्क आडवे व्हायचे. डोळे मिटून, हात छातीवर.

"घरात हुबं राहून काय कळतंय बाई?" मी पहिल्यांदा हे बघून घाबरले तेव्हा ते म्हणाले होते. "घरात माणूस जास्त करून आडवाच असतोय. आडवं हून बगायला पायजे."

गणिताच्या बाईंबरोबर गेले होते तेव्हा त्यांना खरोखरच झोप लागली. दुपारची वेळ, रिकामा फ्लॅट, आणि मधे हे घोरतायत. घर दाखवणारा एजंट पांढरे बूट घातलेला, पोट सुटलेला गृहस्थ. तो बिचारा दारात उभा राहून घड्याळाकडे बघत होता. "मॅडम, चाचा तो सो गए," तो कुजबुजला. "अब क्या करना? मेरेकू और एक जगा जाना है." चाळीस मिनिटांनी भाऊसाहेब उठले, पंचा झटकला, घडी केली. म्हणाले, "झोप लागली म्हंजे घर शांत हाय. पण घाम आला. पश्चिमेची भिंत लई तापती. नको."

सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीतल्या एका घरात त्यांनी भिंतीला कान लावला आणि जाहीर केलं, "शेजारी चार माग हायत. दिवसभर खडखडाट." आम्हीही कान लावले. काही म्हणजे काही ऐकू येईना. मी तसं म्हणाले तर माझ्याकडेच कीव केल्यासारखं बघून म्हणाले, "कसं येईल? आज रविवार न्हाय का? माग बंद हायत."

आणि विज्ञानाच्या सरांचं तर त्यांनी काय केलं! सरांना एका नव्या अपार्टमेंटमधला फ्लॅट मनापासून आवडला होता. चांगला दिवस बघून, घरच्या सगळ्यांना घेऊन, पेढे घेऊन सर बुकिंगला गेले. बिल्डरनं नारळ फोडला. इतक्यात भाऊसाहेब जिना तीन वेळा चढून उतरून आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "जिन्यातनं तिरडी वळती का हो?" सरांच्या आई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी हातातला पेढा परत पुड्यात ठेवला. ते घर गेलंच. नंतर सर मला म्हणाले, "बाई, आता तो जिना बघितला की मला दुसरं काही दिसतच नाही हो."

त्यांचा राग यायचा तो यासाठीच. ते खोटं काही बोलत नसत. ते फक्त घरात असं काही दाखवून ठेवत, की मग ते तुमच्या डोळ्यांतून जात नसे.

आता माझं सांगते.

आम्ही माणिक चौकाजवळ दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. मिस्टरांचं औषधांचं दुकान तिथून जवळ, मुलगी दहावीत. घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि दिवाळीनंतर खोल्या सोडा म्हणून त्यांनी सांगितलं. त्यांचंही चूक नव्हतं. पण मुलीचं दहावीचं वर्ष, आणि हातात जेमतेम तीन महिने. मी रोज शाळा सुटली की घरं बघत हिंडायचे. आणि एक दिवस मिळालं. जुळे सोलापुरात रो हाऊस होतं, खाली दोन खोल्या, वर एक, मागे कपडे वाळत घालण्याएवढं अंगण. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला. त्या खिडकीशी मी उभी राहिले तेव्हा सकाळचं ऊन ओट्यावर पडलं होतं, आणि मी मनात तिथं डबे मांडून मोकळी झाले.

भाऊसाहेबांना सांगायचं नाही, असं मी मिस्टरांना बजावलं होतं. पण भाऊसाहेब बी.पी.च्या गोळ्या घ्यायला दुकानात गेले आणि आमच्या माणसाच्या पोटात काही राहत नाही.

रविवारी आठ वाजता पिशवीसह हजर. मी चहा केला तोही रागानंच. तिथं गेल्यावर गोटी ठेवली. ती हळूहळू मागच्या भिंतीकडे निघाली. भाऊसाहेब तिच्या मागोमाग वाकून चालत गेले, जसं काही वासराच्या मागे जातायत. मग अंगणातली चिमूटभर माती उचलून बोटात चोळली.

"काळी हाय," ते म्हणाले.

"मग?" मी विचारलं.

"उन्हाळ्यात भेगाळती, पावसाळ्यात फुगती. वरचं घर तिच्या संगट हलतंय. पाच वर्षांत ह्या भिंती उघडत्यात बगा. दार उघडल्यागत."

"भाऊसाहेब, अख्खं जुळे सोलापूर उभं आहे की अशाच जमिनीवर!"

"हुबं हाय," ते शांतपणे म्हणाले. "मी कुटं न्हाय म्हणतो? किती दिवस, एवढंच इचारतो."

मिस्टरांचा चेहरा उतरला. घरी येईपर्यंत त्यांचं ठरलं होतं. जरा थांबू, कुणा इंजिनिअरला दाखवू. मी तीन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. चौथ्या दिवशी कळलं, ते घर आमच्याच शाळेच्या पी.टी.च्या सरांनी घेतलं. सर हुशार. त्यांनी स्टाफरूममध्ये चकार शब्द काढला नव्हता.

आम्हाला मग घाईघाईनं जिथं मिळेल तिथं जावं लागलं. पत्र्याची एक खोली, वर पाण्याची टाकी, खाली पिठाची गिरणी. मुलगी गिरणीच्या आवाजात प्रमेयं पाठ करायची. शेवटी शेजारणीनं आपल्या जिन्यात तिला बसायला जागा दिली. मार्चपर्यंत ती त्या जिन्यात बसून अभ्यास करत होती. एकदा मी तिला चहा द्यायला गेले तर वही मांडीवर ठेवून तशीच बसलेली. म्हणाली, "आई, आपण ते खिडकीचं घर का नाही घेतलं?"

पी.टी.च्या सरांच्या घराला सात वर्षं झाली. एक भिंत उघडलेली नाही. त्यांनी मागच्या अंगणात शेवगा लावला तो गच्चीच्या वर गेलाय. दरवर्षी ते शेंगा आणून स्टाफरूममध्ये वाटतात. मी त्या घरी नेते, आमटीत घालते. चांगल्या गरदार असतात. मला त्या घशाखाली उतरत नाहीत.

भाऊसाहेबांना एकदा मी सरळ विचारलं, "काय हो, पाच वर्षं होऊन गेली. भिंतींचं काय झालं?"

त्यांनी फाइल बंद केली. "अजून दहा वर्सं जाऊ द्या की, बाई."

त्या रो हाऊसनंतर मी शहाणी झाले. होटगी रोडच्या बाजूला आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा रजिस्ट्री होईपर्यंत शाळेत कुणाला कळू दिलं नाही. मिस्टरांनाही तंबी दिली, भाऊसाहेबांना गोळ्या द्यायच्या, पण घराबद्दल अवाक्षर बोलायचं नाही. वास्तुशांतीला मात्र सगळ्या स्टाफला बोलावलं, म्हणजे त्यांनाही. ते आले. पिशवी नव्हती, नारळ होता. सगळ्या खोल्या हात मागे बांधून बघितल्या. एक शब्द बोलले नाहीत. फक्त आतल्या खोलीत खिडकीच्या वरच्या कोपऱ्याकडे बघत बराच वेळ उभे राहिले. मग जेवले, आशीर्वाद दिला आणि गेले.

तो कोपरा! तेव्हापासून मी त्या कोपऱ्याकडे बघते आहे. सकाळी उठले की पहिली नजर तिथं. पावसात स्टुलावर चढून हात लावून बघितलंय. काहीही झालेलं नाही. पण त्या माणसानं बघितलं कशाला?

हेच विचारायला मी एक दिवस मधल्या सुट्टीत त्यांच्या घरी गेले. कोपऱ्याचं निमित्त, खरं म्हणजे भांडायलाच. स्टाफरूममध्ये कुणी तरी सांगितलं होतं की 'बाईंनी घाई केली' असं भाऊसाहेब म्हणत होते. माझं डोकंच फिरलं. शाळेच्या मागच्या आवारात त्यांचं क्वार्टर, ऑफिसपासून पन्नास पावलांवर. तरी आमच्यापैकी कुणीच कधी तिथं गेलेलं नव्हतं. त्यांचं सगळं बोलणं, चहा, डबा ऑफिसातच.

दार ढकललं तर ते उघडेना.

"जरा उचलून ढकला, बाई," आतून एका बाईंचा आवाज आला. "तसं उगडत न्हाय ते."

दार उचलून आत गेले. दाराच्या घासण्यानं फरशीवर अर्धगोल खोल चर पडला होता. दोन खोल्या, वर पत्रा, पत्र्यावर वाऱ्यानं उडू नये म्हणून ठेवलेले दगड आतूनही कळत होते, कारण त्या त्या जागी पत्रा खाली वाकला होता. नळाच्या तोटीला चिंधी बांधलेली, खाली बादली, आणि तिच्यात थेंब पडतायत. समोरच्या भिंतीला दोन कॅलेंडरं एकाखाली एक. वाऱ्यानं खालचं हललं तेव्हा मागची भेग दिसली. बोट जाईल एवढी.

मी कशासाठी भांडायला आले होते तेच विसरले.

भाऊसाहेब बँकेत गेले होते. त्यांच्या मिसेस, म्हणजे वहिनी, चुलीसारख्या धगधगत्या खोलीत भाकरी थापत होत्या. करकंबच्या शेतकऱ्याची लेक, माहेरचं घर शेतातल्या वस्तीवर, चारी बाजूंनी मोकळं. हे त्यांनीच मला पाट देताना सांगितलं, मी न विचारता. बहुतेक बऱ्याच दिवसांनी कुणी तरी बसायला आलं होतं.

"वहिनी," मी म्हणाले, "राग मानू नका. पण हे घर भाऊसाहेबांनी पास केलं?"

त्या हसल्या. "हे शाळंनं दिलं की. त्यांनी कुटं निवडलं हे?"

मग भाकरी तव्यावर टाकून त्यांनी सांगितलं. भाऊसाहेबांनी आयुष्यात एकदाच एका घराला 'घ्या' म्हटलं होतं. धाकट्या भावाला. स्वस्तात मस्त घर, नाल्यापासून थोड्या अंतरावर, उन्हाळ्यात नाला कोरडाठाक. सासूबाई त्या भावाकडेच होत्या, अंथरुणावर खिळलेल्या. दुसऱ्या पावसाळ्यात भर दुपारी नाला फुटून पाणी घरात शिरलं. माणसं धावेपर्यंत सासूबाईंची खाट निम्मी पाण्यात. तिथून त्यांना उचललं खरं, पण छातीत कफ भरला तो भरलाच. पंधरा दिवसांत गेल्या.

"दीर काय म्हणाले?"

"काय न्हाय म्हनलं. कुनीच काय न्हाय म्हनलं. त्येच वाईट झालं बगा." त्यांनी भाकरी उलटली. "तवापासनं लोकांची घरं बगत हिंडत्यात. लोकांस्नी वाचवाय. आमच्यासाटी बी बगितली की. धा बगितली, बारा बगितली. येक बी पसंत न्हाय. मी म्हनायची, मला दाखवा तरी. म्हनायचे, खराब घर कशाला दाखवू तुला?"

मला वाईट वाटलं. आणि खरं सांगते, त्याच क्षणी पहिल्यापेक्षा जास्त राग आला. एका नाल्यापायी ही बाई इतकी वर्षं दार उचलून उघडतेय, आणि तो गृहस्थ रविवारी माझ्या अंगणातली माती बोटात चोळतोय.

दीड वर्षानं भाऊसाहेब रिटायर झाले. निरोप समारंभात सगळ्यांनी त्यांच्या चोख कामाबद्दल भाषणं केली. घरांबद्दल कुणी बोललं नाही, म्हणजे सगळे तेच आठवत होते. क्वार्टर दोन महिन्यांत सोडायचं होतं. भाऊसाहेबांना आता दिवसभर वेळ, त्यामुळे ते रोज घरं बघायला लागले आणि रोज नापास करू लागले. शेळगीकडचं नको, पाणी कमी. बाळे गावाकडचं नको, हायवेचा आवाज. तिसरा मजला नको, लिफ्ट बंद पडते. खालचा नको, डास.

दीड महिना असाच गेला. एक दिवस वहिनी शाळेत आल्या, माझा तास संपेपर्यंत व्हरांड्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, माज्या संगट येता का? येक घर बगायचंय. त्यांस्नी सांगू नगा."

घर जुन्या वसाहतीतलं. बैठं, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, पुढे तुळशीपुरती जागा. विकणाऱ्या तेलुगू आजीबाई मुलाकडे कायमच्या निघाल्या होत्या. त्यांना मराठी जेमतेम. सगळीकडे हात दाखवत नुसतं "मंचि इल्लु, मंचि इल्लु" म्हणत होत्या.

"काय म्हनत्यात?" वहिनींनी विचारलं.

"चांगलं घर आहे म्हणतात."

वहिनी दारातून आत गेल्या. दार दोनदा उघडलं, दोनदा मिटलं. एका बोटानं. स्वयंपाकघरात जाऊन ओट्याशी उभ्या राहिल्या, हात उंच करून फळी लागते का बघितलं. मग मागचं दार उघडून पायरीवर बसल्या. पाच मिनिटंसुद्धा झाली नसतील.

"घ्यायचं," त्या म्हणाल्या.

मी चाचरत म्हणाले, "वहिनी, एखाद्या माणसाला दाखवून..."

"कशाला? ऱ्हायचं कुनाला हाय?"

करकंबच्या जमिनीतला आपला हिस्सा त्यांनी भावाला विकला होता, त्या पैशातूनच हे घर त्या घेत होत्या, स्वतःच्या नावावर. कागद पुरे झाले त्या दिवशी मला म्हणाल्या, "त्यांस्नी सांगायला तुमी हव्यात. मी येकली असली की बोलू देनार न्हाईत."

मला नको होतं ते. पण गेले. भाऊसाहेब खाटेवर बसून कुठल्याशा प्लॉटचा नकाशा बघत होते. वहिनींनी चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

भाऊसाहेबांनी कप खाली ठेवला. "कुनाला इचारून?"

"मला."

"जागा कशी हाय? पाया किती खोल हाय? नाला किती लांब हाय?"

"ते मला ठावं न्हाय."

"ठावं न्हाय आनि घर घेटलं?" त्यांचा आवाज चढला. पुढे ते कानडीत बोलायला लागले, भराभर, हात नाचवत. मला त्यातलं काही कळलं नाही. वहिनींनी पूर्ण बोलू दिलं. मग मराठीतच म्हणाल्या, बहुतेक मला कळावं म्हणून,

"सासूबाई गेल्या त्याला अठ्ठावीस वर्सं झाली. मला बी वाईट वाटतंय. पन मी जित्ती हाय न्हवं?"

भाऊसाहेब उठले, पायांत चपला घातल्या, दार उचलून उघडलं आणि बाहेर गेले. खिडकीतून मला दिसलं, ते ऑफिसच्या पायरीवर जाऊन बसले होते. सुट्टीचा दिवस, ऑफिसला कुलूप.

चार दिवसांनी वहिनी सामान घेऊन नव्या घरी गेल्या. भाऊसाहेब गेले नाहीत. क्वार्टरमध्ये एक खाट, एक घागर आणि दोन कॅलेंडरं घेऊन राहिले. वहिनी रोज सकाळी रिक्षानं डबा पाठवायच्या, कडक भाकरी, शेंगाची चटणी, भाजी. ते डबा खायचे, धुऊन परत पाठवायचे. निरोप नाही, चिठ्ठी नाही. असे नऊ दिवस. स्टाफरूममध्ये पैज लागल्यासारखी चर्चा. नव्या हेडक्लार्कचं सामान शाळेच्या व्हरांड्यात येऊन पडलं, तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून घेतलं. "तुमचं ते ऐकतात. किल्ली घेऊन या."

माझं ते ऐकतात! हे कुणी ठरवलं?

गेले. दार उघडंच होतं. ते खाटेवर बसून होते.

"भाऊसाहेब, किल्ली द्यायची वेळ झाली."

"व्हय." ते हलले नाहीत. "बाई, तुमी बगितलं न्हवं ते घर?"

"बघितलं."

"नाला किती लांब हाय?"

इतकी वर्षं साठलेलं सगळं माझ्या तोंडाशी आलं. ती खिडकी, जिन्यात बसलेली मुलगी, शेवग्याच्या शेंगा, तो कोपरा. पण मी एवढंच म्हणाले, "मला माहीत नाही. वहिनींनाही माहीत नाही. त्या तिथं राहतात आणि तुम्ही इथं राहता, एवढं मला माहीत आहे. नऊ दिवस झाले. एकटीनं गॅसचं सिलिंडर लावलं त्यांनी. आता तुम्हाला काय बघायचंय ते तिथं राहून बघा."

मी त्यांच्याशी असं कधी बोलले नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे. उठून दोन्ही कॅलेंडरं काढली, गुंडाळली. भेग उघडी पडली. तिच्याकडे त्यांनी पाठ केली आणि किल्ली माझ्या हातात दिली.

त्यानंतर दोन-अडीच महिने काही कळलं नाही. मीही मुद्दाम गेले नाही. म्हटलं, नवरा-बायकोचं त्यांचं ते बघतील. भाद्रपद संपत आला होता आणि आठवडाभर सोलापूरला न शोभणारा पाऊस पडत होता, तेव्हा रविवारी सकाळी आठ वाजता फोन.

"बाई, जरा येऊन जावा. घर बगायला."

रिक्षा करून गेले. वहिनी पुढच्या खोलीत तोंड घट्ट मिटून बसल्या होत्या. मला बघून कपाळाला हात लावला. "सापडलं बगा त्यांस्नी. आता म्हनत्याल सोडा."

भाऊसाहेब स्वयंपाकघरात होते. मागच्या भिंतीवर, फळीच्या वर, तळहाताएवढा ओलीचा डाग. रंग फुगून आला होता. त्यांनी मला त्यावर बोट ठेवायला लावलं.

"ओल हाय," ते म्हणाले.

"हो." मी दम खाऊन उभी राहिले. आता पाया, आता माती, आता नाला.

"ह्येला आतनं करायचं का भाईरनं?"

मला प्रश्नच कळेना. "काय करायचं?"

"पलस्तर हो. मिस्त्री तीन दिवसांनी येतो म्हनतोय. तवर वाढंल ते." त्यांनी कोपऱ्यातलं एक पोतं पुढे ओढलं. सिमेंट होतं. शेजारी पाटी, थापी, नवी कोरी, दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली. "मी म्हनलं आपनच करू. तुमच्या फ्लॅटला केलंय का कुनी आसलं?"

"नाही. आमच्याकडे कधी ओल आलीच नाही." मला राहवलं नाही. "भाऊसाहेब, त्या दिवशी तुम्ही माझ्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्याकडे काय बघत होता?"

"कदी?"

"वास्तुशांतीला!"

त्यांनी आठवून बघितलं. प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "काय की. ध्यानात न्हाय."

मी तिथंच पाटावर बसले. भाऊसाहेबांनी पाटीत सिमेंट कालवलं, पाणी जास्त झालं, मग सिमेंट टाकलं, मग ते जास्त झालं. स्टूल ओढून वर चढले आणि थापीनं पहिला गोळा भिंतीवर मारला. निम्मा बसला, निम्मा खाली फळीवरच्या पातेल्यांत पडला.

"अवो!" वहिनी पुढच्या खोलीतून धावत आल्या. "भांडी तरी झाका आदी! सगळा नास केला!"

भाऊसाहेब थापी हातात धरून स्टुलावरून खाली उतरले आणि म्हणाले, "जुनी चादर कुटं ठेवलीस?"